रोजच्या बोलण्यातील इंग्रजी मोडल क्रियापदे : मस्ट, शुड, कुड, वुड आपण नेमके कुठे वापरतो?

संत्रानगरी (धागाकर्ता)

नागपुरात संवादी इंग्रजीचे वर्ग घेताना एक गोष्ट सातत्याने जाणवते आणि तिच्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. बारावीच्या परीक्षेत एखादे वाक्य देऊन त्यातील मोडल क्रियापद क्षमता दाखवते, परवानगी दाखवते की बंधन दाखवते, हे विचारले जाते. विद्यार्थी कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित अशा जोड्या पाठ करतात आणि त्यांना गुणही मिळतात. पुढे तीच मुले मिहानमधील एखाद्या कंपनीत मुलाखत देतात किंवा परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलतात, तेव्हा व्याकरणाची एकही चूक नसलेली त्यांची वाक्ये समोरच्याला कधी हुकूम वाटतात, तर कधी अर्धवट वाटतात. असे होते, कारण ही क्रियापदे बोलणाऱ्याची भूमिका सांगतात. त्याला कितपत खात्री आहे आणि समोरच्यावर तो किती अधिकार घेत आहे, या दोन गोष्टी ऐकणारा त्यांतून ओळखतो. पाठ केलेल्या जोड्यांमध्ये या दोन्हींपैकी काहीही येत नाही.

मस्टपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. ‘यू मस्ट सेंड द फाइल टुडे’ हे वाक्य आपल्या मुलांना ‘तुम्ही आज फाइल पाठवायला पाहिजे’ इतके साधे वाटते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला मात्र त्यात असे ऐकू येते की, बोलणारा स्वतःच्या अधिकाराने बंधन घालत आहे. म्हणून रोजच्या बोलण्यात तो हॅव टू किंवा नीड टू वापरतो. ‘वी हॅव टू सेंड इट टुडे’ म्हटले की बंधन परिस्थितीतून, नियमातून किंवा मुदतीतून आलेले आहे आणि बोलणाराही त्याच बंधनाखाली आहे, असा अर्थ होतो. मराठीतील ‘आज पाठवावी लागेल’ हे नेमके तेच सांगते. लागणे या क्रियापदात गरज बाहेरून आलेली असते आणि हा फरक आपल्या प्रत्येक मुलाला जन्मापासून ठाऊक असतो. तरीही वर्गात आपण मस्ट आणि हॅव टू या दोन्हींपुढे ‘पाहिजे’ लिहून मोकळे होतो, याचे मला वाईट वाटते.

मग बोलण्यात मस्ट कुठे ऐकू येते? मुख्यतः अनुमानात. ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘तुम्ही दमला असणार’. ‘ही मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन’ म्हणजे ‘त्याची गाडी चुकली असणार’. समोर पुरावा आहे, त्यावरून निष्कर्ष काढला आहे आणि दुसरी शक्यता जवळपास उरलेली नाही, इतके सर्व त्या एका शब्दात येते. संभाषणाचे नमुने तपासणाऱ्या अभ्यासकांनीही हेच नोंदवले आहे की, बोलण्यातील मस्ट बंधनापेक्षा अनुमानासाठी अधिक येते.

याच्या जोडीला एक ऐतिहासिक बदलही घडत आहे. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६१ मधील ब्रिटिश व अमेरिकन मजकुरांचे संग्रह १९९१-९२ मधील तशाच संग्रहांशी ताडून पाहिले. प्रत्येक संग्रह सुमारे १० लाख शब्दांचा होता. त्या तीस वर्षांत एकूण मोडल क्रियापदांचा वापर घटला आणि मस्ट, मे, शॅल यांची घट विशेष ठळक होती, असे त्याला आढळले. त्याच काळात नीड टू, हॅव टू यांसारख्या रचनांना अधिक वाव मिळाला. आपली जुनी व्याकरणे ज्या तीन क्रियापदांवर सर्वाधिक पाने खर्च करतात, नेमकी तीच मागे पडत आहेत.

दुसरा मुद्दा कुडचा. ‘काल मी वेळेवर पोहोचू शकलो’ याचे ‘आय कुड रीच ऑन टाइम यस्टरडे’ असे रूपांतर आपण सर्रास करतो. इंग्रजीत भूतकाळातील सर्वसाधारण क्षमतेसाठी कुड चालते. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचे’ हे ‘आय कुड क्लाइंब ट्रीज’ असे सांगता येते. परंतु एकदाच घडलेली आणि तडीस गेलेली गोष्ट सांगताना ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागते. नकारात मात्र हा भेद उरत नाही आणि ‘आय कुडन्ट रीच’ दोन्हीकडे चालते. पाहणे, ऐकणे, वास येणे अशा क्रियांबाबतही एकाच प्रसंगासाठी कुड सहज वापरले जाते. पोहोचलेला माणूस ‘आय कुड रीच’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ‘पोहोचता आले असते’ असा भास होण्याची शक्यता असते, म्हणून हा भेद शिकवण्यासारखा आहे.

आपापल्या कामाच्या ठिकाणचे अनुभव आणि उदाहरणे कृपया लिहावीत.

रात्रपाळी_मिहान

धागा अत्यंत गरजेचा आहे. मी अमेरिकन ग्राहकांशी रोज बोलतो आणि नव्याने रुजू होणाऱ्या मुलांचे संवाद ऐकून त्यांना सूचना देणे हे माझे काम आहे. माझ्या अनुभवात वुडचा प्रश्न मस्टपेक्षाही मोठा आहे.

‘द इंजिनियर वुड कॉल यू टुमॉरो’ हे वाक्य आमच्याकडे सतत ऐकू येते. बोलणाऱ्याला वाटते की विलपेक्षा वुड अधिक नम्र आहे आणि विनंतीत ते खरेही आहे. ‘विल यू होल्ड?’ यापेक्षा ‘वुड यू होल्ड?’ निश्चित सौम्य आहे. परंतु उद्याची ठरलेली गोष्ट सांगताना वुड आले की ग्राहक पुढच्या ‘जर’ची वाट पाहतो. इंजिनियर फोन करेल, पण कोणत्या अटीवर? मराठीत ‘त्याने फोन केला असता’ म्हटल्यावर आपण जसे ‘मग का केला नाही?’ विचारतो, तशीच अपेक्षा त्या वाक्याने निर्माण होते. ग्राहक तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आमचा मुलगा आणखी नम्र होण्यासाठी पुन्हा वुडच वापरतो आणि संभाषण लांबत जाते. वचन द्यायचे असेल तर ‘ही विल कॉल यू’ किंवा बोलण्यातले ‘हील कॉल यू’ हेच योग्य आहे. आधीच ठरलेल्या गोष्टीसाठी ‘ही इज गोइंग टू कॉल यू’ चालते. नम्रता विनंतीत असावी आणि आश्वासनात ठामपणा असावा, असे मी मुलांना सांगतो.

आणखी एक रचना म्हणजे हॅड बेटर. मराठीत ‘तुम्ही लवकर निघालेले बरे’ हा आपुलकीचा सल्ला असतो, म्हणून आपली मुले ‘यू हॅड बेटर चेक युअर ईमेल’ असे ग्राहकाला सहज म्हणतात. इंग्रजीत या रचनेमागे ‘नाही तर परिणाम भोगावे लागतील’ असा इशारा असतो. आई मुलाला किंवा वरिष्ठ कनिष्ठाला असे म्हणू शकतो, परंतु ग्राहकाला म्हणणे धोक्याचे आहे. ‘यू माइट वॉन्ट टू चेक युअर ईमेल’ हे त्याच जागी अगदी सहज बसते.

निवृत्त_शिक्षिका_धरमपेठ

संत्रानगरी, आपण मराठीतून जाण्याचा जो मार्ग सांगितला आहे, त्याला मी पूर्ण पाठिंबा देते आणि त्यात थोडी भर घालते.

‘तो घरी आहे’ यापासून निघालो की मराठीत खात्रीच्या किती पायऱ्या आहेत, ते पाहावे. तो घरी असणार, तो घरी असेल, तो घरी असावा, तो घरी असायला हवा, तो घरी असू शकतो, तो घरी नसेलही. विदर्भातील ग्रामीण मूल ‘तो घरी असन’ म्हणते, परंतु त्यालाही या सगळ्या छटा नीट कळतात. आता इंग्रजीत पाहू. ‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणजे घरात दिवा दिसतो आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष. ‘ही विल बी ॲट होम’ म्हणजे त्याची रोजची वेळ माहीत असल्यामुळे वाटणारी खात्री; इथे विलचा भविष्यकाळाशी काहीही संबंध नाही. ‘ही शुड बी ॲट होम’ म्हणजे सर्व काही नेहमीप्रमाणे झाले असेल तर तो आता घरी असायला हवा. मे, माइट आणि कुड या तिन्हींत केवळ शक्यता आहे. बोलण्यात माइट फार सहज येते आणि परवानगीचे मे आता औपचारिक वाटते.

यातील शुडची एक खोच मला विशेष आवडते. अपेक्षा दाखवणारे शुड साधारणपणे चांगल्या किंवा हव्या असलेल्या गोष्टीसाठी वापरतात. ‘द बस शुड बी हिअर सून’ स्वाभाविक आहे, परंतु ‘द बस शुड ब्रेक डाउन सून’ असे कोणी म्हणत नाही. आपले ‘यायला हवी’ हेदेखील असेच वागते. ‘बस बंद पडायला हवी’ असे म्हटले तर बोलणाऱ्याला ती बंद पडावी अशी इच्छा आहे, असाच अर्थ होतो. दोन इतक्या दूरच्या भाषा या ठिकाणी सारख्या चालतात, हे वर्गात दाखवले की मुले पुन्हा चुकत नाहीत.

मात्र मराठी एका जागी आपल्याला फसवते आणि ती जागा म्हणजे नकार. ‘उद्या यायला नको’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : येण्याची गरज नाही आणि येणे योग्य नाही. इंग्रजीत या दोहोंसाठी वेगळ्या वाटा आहेत. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे गरज नाही, आलात तरी हरकत नाही. ‘यू मस्टन्ट कम’ म्हणजे येण्यास मनाई आहे. होकारात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ शेजारी असतात, पण नकारात ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना जातात. पाहुण्याला ‘यू मस्ट नॉट ब्रिंग एनीथिंग’ म्हणणाऱ्या यजमानाला खरे तर ‘काही आणण्याची गरज नाही’ म्हणायचे असते आणि त्याने ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हटले पाहिजे. अनुमानाचा नकार आणखी निराळा आहे. ‘तो घरी नसणार’ हे ब्रिटिश बोलण्यात ‘ही कान्ट बी ॲट होम’ असे येते. अमेरिकन बोलण्यात ‘ही मस्ट नॉट बी होम’ देखील ऐकू येते.

कॅनविषयी एक लहानशी गोष्ट सांगते. ‘मला पोहता येते’ आणि ‘मी पोहू शकतो’ यांत मराठी भेद करते. पहिल्यात शिकलेले कौशल्य आहे, तर दुसऱ्यात या क्षणी ते शक्य असणे आहे. इंग्रजी दोन्हींसाठी कॅन वापरते. परंतु कॅनचा प्राचीन इंग्रजीतील मूळ अर्थ जाणणे, माहीत असणे असा होता आणि संस्कृतमधील ‘ज्ञा’ हा धातू त्याच प्राचीन कुळातला आहे. म्हणजे कॅनची सुरुवात आपल्या ‘येते’च्या बाजूने झाली आणि ‘शकतो’ हा अर्थ नंतर पसरला.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स

चर्चा बोलण्याची आहे, तरी एका दुव्याकडे लक्ष वेधतो. आपल्या शहराच्या बोलण्यात कचेरीच्या इंग्रजीचा मोठा वाटा आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि आजही येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ व विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आहे. टिप्पणीत ‘मान्यता देण्यात यावी’ याचे ‘मे काइंडली बी अप्रूव्ह्ड’ होते. हे मे ना शक्यता दाखवते, ना परवानगी. ते मराठी-हिंदी विध्यर्थाचे काम करते आणि भारतीय कचेरीत ते सर्वांना समजते. अडचण तेव्हा येते, जेव्हा हेच मे तोंडी भाषेत शिरते. ‘यू मे सिट हिअर’ असे आपण आदराने म्हणतो. परदेशी पाहुण्याला त्यात वरिष्ठाने दिलेली परवानगी ऐकू येते. ‘प्लीज हॅव अ सीट’ पुरेसे आहे, त्यासाठी मोडलची गरजच नाही.

कायद्याच्या भाषेत शॅल साधारणपणे बंधनकारक आणि मे ऐच्छिक मानतात. तरीही संपूर्ण तरतूद आणि तिचा हेतू पाहून न्यायालये कधी कधी मे या शब्दाचा अर्थ शॅल असा घेतात. दिवसभर या शब्दांचा कीस पाडणारा माणूस संध्याकाळी बोलतानाही ‘आय शॅल कम’ म्हणतो आणि आमच्या बाररूममध्ये ते कोणालाही खटकत नाही. बोलण्यात शॅल मुख्यतः प्रश्नात उरले आहे. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघू या का?’ आणि ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘उघडू का?’. दुसऱ्या प्रश्नात अमेरिकन माणूस बहुधा शुड वापरतो.

कानसेन

वरील सर्व विवेचन मोलाचे आहे, परंतु ते वाचून समजते आणि मोडल क्रियापदे मात्र कानाने ओळखावी लागतात. आपण प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो आणि समोरच्याकडूनही तीच अपेक्षा धरतो. इंग्रजी बोलताना मोडलवर सहसा आघात नसतो, त्यामुळे त्याचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. ‘आय कॅन डू इट’ हे ‘आय क्न डू इट’ असे ऐकू येते आणि जोर डू या शब्दावर असतो. नकारात मात्र कान्टवर आघात येतो आणि त्याचा स्वर पूर्ण उच्चारला जातो. ब्रिटिश उच्चारात तो ‘कान्ट’ असा दीर्घ असतो, त्यामुळे गोंधळ कमी होतो. अमेरिकन उच्चारात तो ‘कॅन्ट’ असतो आणि शेवटचा ट अनेकदा गिळला जातो. म्हणून आपण जेव्हा होकाराचे कॅन ठासून, पूर्ण स्वराने उच्चारतो, तेव्हा अमेरिकन ऐकणाऱ्याला ते कॅन्ट वाटू शकते. होकार नकारासारखा ऐकू जाणे ही फोनवर फार महागात पडणारी गोष्ट आहे. उपाय एकच आहे : होकारात कॅन पुसट ठेवावे आणि जोर मुख्य क्रियापदावर द्यावा.

भूतकाळी रूपांतही हेच होते. ‘शुड हॅव’ हे ‘शुडव’ किंवा नुसते ‘शुडा’ ऐकू येते. ‘माइट हॅव’ हे ‘माइटव’ होते. तो क्षीण ‘अव’ इंग्रजीतील ऑफसारखा ऐकू येतो, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेसुद्धा लिहिताना हॅवच्या जागी ऑफ लिहितात. विल आणि वुड तर ‘आयल’ आणि ‘आयड’ यांत एका व्यंजनापुरते उरतात. रात्रपाळी यांनी सांगितलेल्या वुडच्या अतिवापराचे एक कारण मला इथे दिसते : समोरचा ‘आयल’ म्हणतो की ‘आयड’, हे आपल्या कानाला टिपता येत नाही, म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज पक्का होतो.

बारावीची_विद्यार्थिनी

सर्वांचे प्रतिसाद वाचून खूप शिकायला मिळाले. मला दोन शंका आहेत. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ याचा अर्थ ‘तू मला सांगू शकला असतास’ असा आहे, मग मालिकांमध्ये हे वाक्य रागाने का म्हणतात? आणि शी कॅन या रचनेत कॅनला एस का लागत नाही, याचे कारण बाईंनी सांगितले तर बरे होईल.

निवृत्त_शिक्षिका_धरमपेठ

बेटा, दुसरी शंका आधी घेते. कॅन, मे, शॅल, मस्ट यांचे पूर्वज प्राचीन इंग्रजीत अशा एका गटात होते की ज्यांची वर्तमानकाळाची रूपे मुळात जुन्या भूतकाळाची होती. भूतकाळी रूपाला तृतीय पुरुषात एस लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच. ‘शी वेंट्स’ आपण म्हणत नाही. त्याच कारणाने ‘शी कॅन्स’ होत नाही. विल या गटातले नव्हते, परंतु पुढे त्यांच्या संगतीत आले आणि त्यांच्यासारखे वागू लागले. कुडमधील न उच्चारला जाणारा एल हादेखील संगतीचाच परिणाम आहे. वुड आणि शुडमध्ये तो मुळापासून होता, कुडमध्ये त्यांच्याकडे पाहून नंतर लिहिला जाऊ लागला.

संत्रानगरी (धागाकर्ता)

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ याचा अर्थ तू लिहिला आहेस तोच आहे, परंतु मराठीत आपण रागात ‘सांगू शकला असतास’ यापेक्षा ‘सांगायचे होते ना!’ असे म्हणतो. गोष्ट शक्य होती, सोपी होती आणि तरीही तू ती केली नाहीस, हा ठपका त्या शक्यतेतूनच निघतो. ‘यू माइट हॅव टोल्ड मी’ हेही त्याच सुरात म्हणतात. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ यात सांगणे तुझे कर्तव्य होते असा थेट आरोप असतो. कुड आणि माइट वापरून बोलणारा तो आरोप शब्दांत न आणता आवाजातून पोहोचवतो. म्हणून हे वाक्य नुसते वाचून कळत नाही आणि शांत स्वरात म्हटले तर ती साधी हळहळही असू शकते.

रात्रपाळी, तुमच्या वुडच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ या विनंतीला आपली मुले उत्साहाने ‘येस, शुअर’ म्हणतात. प्रश्न ‘थांबायला तुमची हरकत आहे का?’ असा असल्यामुळे होकार देताना ‘नो, नॉट ॲट ऑल’ हे उत्तर यावे. प्रत्यक्ष बोलण्यात ‘शुअर’ एवढे एकटे उत्तर चालून जाते, कारण आवाजातील तयारी ऐकणाऱ्याला कळते. नुसता ‘येस’ मात्र टाळावा. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडील मुलांसाठी सराव घेणार असाल, तर कानसेन यांनी सांगितलेला पुसट कॅन आणि हे उत्तर यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

रात्रपाळी_मिहान

सराव शनिवारी आहे. नकाराची जोडी, म्हणजे ‘मस्टन्ट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’, मी बाईंच्या ‘यायला नको’ या उदाहरणावरूनच घेईन. कानसेन, ‘आयल’ आणि ‘आयड’ ऐकून ओळखण्यासाठी आपण दहा-बारा वाक्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून देऊ शकाल का?

कानसेन

आनंदाने देईन. प्रत्येक वाक्य दोनदा बोलेन, एकदा सावकाश आणि एकदा फोनवरच्या वेगात. मुलांना आधी वेगातले ऐकवावे आणि काय ऐकू आले ते लिहायला सांगावे. सावकाश वाक्य त्यानंतरच लावावे.